मॉडेल रेल्वेचा लेआउट: गाड्या काय करणार ते आधी, रूळ नंतर

लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेली छोटी रेल्वे, उभा राहतो, गाडी गोल फिरते, घरचे आठवडाभर कौतुक करतात आणि तिसऱ्या महिन्यात त्याच टेबलावर घडी न केलेले कपडे येऊन पडतात. हे माझ्या पहिल्या लेआउटचं झालं. दुसराही जवळपास त्याच वाटेने गेला. पुढे इतरांचे बिघडलेले लेआउट दुरुस्त करायला बसलो तेव्हा दिसलं की चुका सगळ्यांच्या सारख्याच असतात, आणि बहुतेक चुका क्रमाच्या असतात. गाड्या काय करणार हे ठरण्याआधी रूळ टाकलेले, रूळ तपासण्याआधी खडी चिकटवलेली, आणि डोंगर पूर्ण झाल्यावर कळलेलं की बोगद्यात हातच जात नाही.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. आकडे एचओ प्रमाण धरून दिले आहेत (१:८७, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी). एन प्रमाणात (१:१६०, ९ मिमी) काम करणाऱ्यांनी गाडी आणि रुळांच्या लांबीचे आकडे ०.५५ ने गुणावेत. हाताची पोच, वाटेची रुंदी आणि चढाचे टक्के मात्र तेच राहतात, कारण प्रमाण बदललं तरी तुमचा हात लहान होत नाही.

१. रेल्वेला काम द्या

अजून काही विकत घेऊ नका. कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा: ही रेल्वे काय वाहून नेते, कुठून कुठे? उदाहरणार्थ, "जंक्शनपासून निघालेली एकेरी शाखा, मधे एक क्रॉसिंग स्टेशन (समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना वाट देतात ते), शेवटी सिमेंटचा कारखाना, धान्याचं गोदाम आणि छोटा माल धक्का." एवढं पुरतं.

आता प्रत्येक साइडिंगला, म्हणजे माल चढवा-उतरवायला वाघिणी उभ्या करायच्या बाजूच्या रुळाला, चार प्रश्न विचारा. काय येतं? काय जातं? कोणत्या प्रकारच्या वाघिणीतून (मालडब्यातून)? दिवसाला किती वाघिणी? सिमेंटच्या कारखान्यात कोळसा भरून येतो आणि त्या वाघिणी रिकाम्या परततात. सिमेंटसाठी बंद वाघिणी रिकाम्या येतात आणि भरून जातात. म्हणजे एकाच कारखान्याला दोन जागी वाघिणी उभ्या कराव्या लागतात, आणि चुकीची वाघीण चुकीच्या जागी लागली तर काम अडतं. खेळातली सगळी गंमत या एका ओळीत आहे. असा ग्राहक एक असला तरी शंटिंगला, म्हणजे वाघिणी सोडून, जोडून आपापल्या जागी लावायला, तासभर पुरतो. नुसत्या शोभेच्या पाच साइडिंग दहा मिनिटांत संपतात.

काळ आणि प्रदेशही इथेच ठरवा. वाफेचं इंजिन आणि आजची वेगवान गाडी एकाच फलाटाला लागली की खरेपणा संपला, मग झाडं कितीही सुंदर करा.

आणखी एक गोष्ट नवीन माणूस हमखास विसरतो: बाकीचं जग. लेआउटवर मार्गाचा एक तुकडाच दिसतो. गाडी कुठून तरी यायला हवी आणि कुठेतरी जायला हवी. त्यासाठी आडोशाला, डोंगराखाली किंवा पार्श्वपटामागे काही समांतर रूळ ठेवायचे. याला स्टेजिंग यार्ड म्हणतात. एका सत्रात जितक्या गाड्या चालवणार तितके रूळ, आणि वर एक रिकामा. हा रिकामा रूळ नसला की सगळी रेल्वे अडकते. सरकत्या तुकड्यांचं कोडं सोडवताना एक घर मोकळं लागतं, तसंच हे.

*तपासणी:* एक वाघीण निवडा आणि तिची गोष्ट मोठ्याने सांगा: स्टेजिंगमधून आली, स्टेशनात सुटली, कारखान्यात लागली, भरली, परत निघाली. गोष्ट मधेच तुटली तर आराखड्यात काहीतरी कमी आहे. एखादी साइडिंग कुठल्याच गोष्टीत येत नसेल तर ती काढून टाका.

२. सगळ्यात लांब गाडी मोजा

लेआउटचं माप खोलीवरून ठरतं हे खरं. पण आतली सगळी मापं सगळ्यात लांब गाडीवरून ठरतात. इंजिन २० सेंमी, १४ सेंमीच्या आठ वाघिणी: गाडी झाली १३२ सेंमी. थांबताना थोडं मागेपुढे होणारच, म्हणून दीड मीटर धरा.

आता ही गाडी लूपमध्ये, म्हणजे मुख्य मार्गालगतच्या आणि दोन्ही टोकांना त्याला मिळणाऱ्या रुळावर, उभी राहायची आहे. इथे नव्वद टक्के लोक चुकतात, मीही चुकलो. लूपची उपयोगी लांबी एका पॉइंटपासून (रुळाला फाटा फुटतो तिथून) दुसऱ्या पॉइंटपर्यंत मोजायची नसते. शेजारच्या रुळावरून जाणारी गाडी जिथे उभ्या गाडीला घासणार नाही, त्या खुणेपासून, म्हणजे फाउलिंग मार्कपासून, दुसऱ्या टोकाच्या फाउलिंग मार्कपर्यंत मोजायची. सहा नंबरचा पॉइंट (नंबर जितका मोठा तितका फाट्याचा कोन लहान) आणि रुळांमध्ये ५ सेंमी अंतर असेल तर पॉइंटच्या सुरुवातीपासून या खुणेपर्यंत चाळीसेक सेंटिमीटर जातात. दोन्ही टोकांचे मिळून ऐंशी. म्हणजे दीड मीटरच्या गाडीसाठी लूपला जागा लागते सुमारे २.३ मीटर. माझ्या दुसऱ्या लेआउटवर ही लांबी वीतभर कमी पडली होती. प्रत्येक क्रॉसिंगला शेवटच्या दोन वाघिणी हाताने उचलून बाजूला ठेवायचो आणि कोणी पाहत नाही ना, हे बघायचो.

जागा कमी असेल तर गाडी छोटी करा. पाच वाघिणींची गाडी तीन स्टेशनांत नीट बसते. दहा वाघिणींची गाडी सगळ्या लेआउटवर पसरते आणि शेपूट आधीच्या स्टेशनात असतानाच तोंड पुढच्या स्टेशनात शिरतं.

मग वळणं. सगळ्यात लांब डब्याच्या लांबीला तीनने गुणा. त्रिज्या त्याहून कमी करू नका. साडेतीन पट असेल तर वळण आतल्या बाजूने बरं दिसतं, चार पट असेल तर बाहेरूनही, आणि पाच पट असेल तर वळणावरही कपलर, म्हणजे डबे जोडणाऱ्या कड्या, आपोआप जुळतात. १४ सेंमीच्या वाघिणीला ४५ सेंमी त्रिज्या चालून जाते. २७ सेंमीचा प्रवासी डबा आणला की तीन पटच ८१ सेंमी होते. ज्यांना लांब प्रवासी गाडी हवी आणि खोली लहान आहे त्यांनी एन प्रमाणाचा किंवा छोट्या डब्यांचा विचार याच टप्प्यावर करावा, डबे घेतल्यावर नव्हे.

उलटसुलट वळणं, म्हणजे डावीकडून थेट उजवीकडे, हा गाडी घसरण्याचा ठरलेला अड्डा. दोन डब्यांची टोकं विरुद्ध बाजूंना झुकतात आणि कपलर डब्याला रुळाबाहेर ओढतो. मधे निदान सगळ्यात लांब डब्याएवढा सरळ तुकडा ठेवा. शेजारच्या रुळावर जायला समोरासमोर लावलेले दोन पॉइंट हेही उलटसुलट वळणच असतं. म्हणून मुख्य मार्गावर चार नंबरचे पॉइंट वापरू नका, सहा किंवा त्यावरचे घ्या. चार नंबरचे यार्डात आणि कारखान्यात ठीक.

चढ २ टक्क्यांच्या आत. एक रूळ दुसऱ्याच्या वरून न्यायचा तर मोकळी जागा ७.५ सेंमी आणि पुलाची जाडी धरून सुमारे ९ सेंमी चढावं लागतं. २ टक्क्यांनी ते साडेचार मीटर होतात. सुरुवातीला आणि शेवटी चढ हळूहळू बदलायला आणखी थोडी लांबी लागते. म्हणजे पाच मीटर. छोट्या टेबलावर "पुलावरून एक, खालून एक" हे चित्र इथेच कोसळतं. वळणावरचा चढ तर सरळ चढापेक्षाही जड जातो.

३. हात, वाट, उंची

टेबलाच्या कडेपासून ६० सेंमीपलीकडे रूळ नको. फार तर ७५, आणि तिथे पॉइंट तर नाहीच. माणूस उभा राहून चालवणार, त्याला वाट ७५ सेंमी तरी हवी. उंची छातीच्या खाली, कोपराच्या थोडी वर ठेवली तर गाडी बाजूने दिसते, विमानातून पाहिल्यासारखी नाही. टेबल जितकं उंच तितकी हाताची पोच कमी, हे विसरू नका.

या तीन मापांमुळे खोलीच्या मधोमध ठेवलेल्या चौकोनी टेबलापेक्षा भिंतीलगत फिरणारी अरुंद पट्टी जवळजवळ नेहमीच सरस ठरते. ४०–५० सेंमी रुंद पट्टीवर वळणाची त्रिज्या मोठी मिळते, गाडी स्टेशन सोडून खरोखर पुढच्या स्टेशनाला जाते, आणि बघणाऱ्याला एका वेळी एकच जागा दिसते.

४. आराखडा: आधी लहान, मग खऱ्या मापात

१:१० प्रमाणात कागदावर काढा. संगणकावरचं सॉफ्टवेअर वापरलंत तर उत्तम, ते खोटं बोलू देत नाही. हाताने काढणारे पॉइंट नेहमी खऱ्यापेक्षा आखूड काढतात आणि मग प्रत्यक्षात काहीच बसत नाही.

यार्ड काढताना दोन गोष्टी बघा. पहिली, शंटिंग नेक: वाघिणी ओढून पुन्हा दुसऱ्या रुळावर ढकलायला लागणारा स्वतंत्र रूळ. तो यार्डातल्या सगळ्यात लांब रुळाएवढा हवा, आणि मुख्य मार्गापासून वेगळा. नाहीतर प्रत्येक वेळी गाडी येते तेव्हा शंटिंग थांबतं. दुसरी, शेवटच्या स्टेशनात इंजिनाला वळसा घालून गाडीच्या दुसऱ्या टोकाला येता यायला हवं. त्यासाठी लूपच्या पुढे इंजिनाएवढा रूळ आणि वर चार बोटं जागा सोडा. इंजिन २० सेंमी आणि शेपटीचा रूळ १८ सेंमी असलेला एक लेआउट मी पाहिला आहे. त्या गृहस्थांनी शेवटी भिंतीला भोक पाडलं.

साइडिंगची दिशाही तपासा. गाडी ज्या दिशेने जाते तिकडून मागे ढकलून वाघीण लावता येत असेल तर काम सोपं. पॉइंटचं तोंड समोर आलं की इंजिन वाघिणीच्या पुढे असतं आणि आत अडकतं. आधी लूपवर जाऊन वळसा घालावा लागतो. अशा एक-दोन साइडिंग मुद्दाम ठेवाव्यात. सगळ्याच तशा ठेवल्या तर चालवणारा वैतागतो.

मग रुंद कागद जमिनीवर अंथरा आणि सगळं खऱ्या मापात काढा. पॉइंटच्या छापील आकृत्या किंवा फोटोकॉपी वापरा. वर प्रत्यक्ष डबे मांडा. एक दिवस तसंच राहू द्या आणि येता-जाता बघा.

*तपासणी:* दोन रंगांची पेनं घ्या. एका रुळाला लाल, दुसऱ्याला निळी रेघ ओढत सगळ्या मार्गाने जा. कुठेही लाल रेघ निळीला येऊन मिळाली तर तिथे उलटवळणाचा लूप आहे, म्हणजे गाडी तोंड फिरवून त्याच रुळावर परत येते. तिथे शॉर्ट सर्किट होणारच. आत्ताच खूण करा, सातव्या टप्प्यात लागेल.

५. सांगाडा

इथे फार वेळ घालवत नाही, कारण सुतारकाम बहुतेकांना जमतं. कोरडं लाकूड, १२ मिमी प्लायवूड, साधारण ४० सेंमीवर आधार. रूळ जिथून जाणार तेवढीच पट्टी कापा आणि उभ्या टेकूंवर बसवा. मग रुळाखाली ओढा, दरी, पूल करता येतात. सपाट फळीवर फक्त डोंगर चढवता येतो, खड्डा खणता येत नाही, आणि म्हणून सपाट टेबलावरचा निसर्ग नेहमी चिकटवल्यासारखा दिसतो.

लाकडाला वर, खाली, कडांना, सगळीकडून रंग द्या. लाकूड ओलाव्याने फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, आणि रूळ तितके आकसत नाहीत.

दिवे आणि मागचा आकाशाचा पट याच टप्प्यावर लावा. रूळ टाकल्यावर त्यावरून ओणवं होऊन आकाश रंगवणं म्हणजे पाठदुखीला आमंत्रण. शिवाय पुढे सगळे रंग याच दिव्यांखाली निवडायचे आहेत.

६. रूळ: इथे घाई केली तर सगळं वाया

मध्यरेषा आखा. तिच्यावर कॉर्कची पट्टी चिकटवा आणि सुकल्यावर सँडपेपरने वरून एकसारखी करा. पट्टीच्या सांध्यावरचा एक छोटा उंचवटासुद्धा पुढे डबा डोलवतो.

आधी सगळे पॉइंट जागेवर ठेवा, मग त्यांना जोडणारे लवचीक रूळ कापा. उलट केलं तर शेवटचा पॉइंट कधीच बसत नाही.

वळणावर दोन लवचीक तुकडे जोडायचे असतील तर ते सरळ असतानाच जोडा, सांधा सोल्डर करा आणि नंतर वाकवा. वाकवून जोडलेल्या सांध्यावर कोन राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, चाकांना दिसतो. सरळ रुळावरून वळणात शिरताना एकदम पूर्ण वळण नको. सुरुवातीचे २०–३० सेंमी हळूहळू वळत जाणारे ठेवा. लवचीक रूळ आपणहून तसाच वाकू बघतो, त्याला थोडं त्याच्या मनाप्रमाणे करू द्या.

कापलेलं प्रत्येक टोक कानसने घासा: वरून, आतून, खालून. जोडपट्टी सरकवताना ती रुळाच्या खालीच गेली आहे ना, ते वाकून बघा. एका बाजूची पट्टी रुळाखाली आणि दुसऱ्या बाजूची रुळाच्या पोटावर चढलेली, ही चूक इतकी सामान्य आहे की कुठे गाडी घसरते असं कोणी म्हणालं की मी आधी तेच बघतो.

सरळ भागात सगळे सांधे सोल्डर करू नका. ३ मीटर रूळ २० अंश तापमान वाढल्यावर सुमारे १ मिमी लांब होतो, आणि लाकडाची हालचाल याच्याही वर असते. दर दोन-तीन मीटरवर सुमारे १ मिमीची फट सोडा.

चिकटवायला अॅक्रिलिक सीलंटचा अगदी पातळ थर. तो पुढे पट्टीने उचकटता येतो. खिळे ठोकलेत तर स्लीपर (रुळांखालची आडवी पट्टी) मधे दबतो आणि रुळांतलं अंतर कमी होतं.

*सावधान:* पॉइंटच्या हलणाऱ्या पट्टीखाली आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन स्लीपरखाली काहीही चिकटवू नका. एका घाईच्या संध्याकाळी मी यार्डातले तीन पॉइंट असे कायमचे सरळ करून टाकले.

*तपासणी:* डोळा रुळाच्या पातळीवर आणा आणि एक डोळा मिटून रुळाच्या लांबीने बघा. लचका, खड्डा लगेच दिसतो. मग प्रत्येक सांध्यावरून नख फिरवा. नखाला जे अडतं ते चाकालाही अडतं. शेवटी गेज, म्हणजे अंतर तपासायची मापपट्टी, घेऊन पॉइंटमधलं रुळांचं अंतर मोजा. नवे पॉइंटही नेहमी बरोबर असतात असं नाही.

७. वायरिंग

खरेपणाने गाड्या चालवायच्या असतील तर डिजिटल पद्धत, डीसीसी, घ्या. तिच्यात प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो आणि दोन इंजिनं एकाच रुळावर वेगवेगळी चालतात. साध्या डीसीवर, म्हणजे रुळातली वीजच कमी-जास्त करून गाडी चालवण्याच्या पद्धतीत, हेच करायला रुळांचे विभाग पाडून स्विच फिरवत बसावं लागतं. छोट्या शंटिंग लेआउटवर एकच इंजिन असेल तर डीसी पुरेसं आहे. उगाच खर्च नको.

लेआउटखालून दोन जाड तारा न्या, २.५ चौरस मिमीच्या, दोन रंगांच्या. त्यांना ०.५ चौरस मिमीच्या बारीक तारांनी प्रत्येक रूळ जोडा. नियम एकच: रुळाचा प्रत्येक तुकडा एकतर तारेला किंवा तारेला जोडलेल्या तुकड्याला सोल्डर केलेला हवा. जोडपट्टीवर वीज सोडू नका. ती वर्षभर नीट चालते आणि मग गंजते.

सोल्डरला रोझिन फ्लक्सच वापरा. आम्ल फ्लक्स नंतर तांबं खात राहतो.

चौथ्या टप्प्यात खूण केलेला उलटवळणाचा लूप आठवा. त्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापा आणि तो तुकडा ऑटो-रिव्हर्सरला, म्हणजे विजेची बाजू आपोआप उलटवणाऱ्या उपकरणाला, जोडा. हा तुकडा सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा. गाडीची दोन्ही टोकं एकाच वेळी दोन्ही फटींवर आली की पुन्हा शॉर्ट.

*तपासणी:* नाणं आडवं करून दोन्ही रुळांवर ठेवा. वीज त्याच क्षणी बंद पडायला हवी. दर अर्ध्या मीटरवर हे करा. जिथे वीज बंद पडत नाही तिथे तारा बारीक किंवा लांब आहेत. डीसीसीचा पाच अँपिअरचा बूस्टर (रुळांना वीज पुरवणारं उपकरण) शॉर्ट झाल्यावरही वीज देत राहिला तर डब्याच्या चाकाजवळचं प्लास्टिक वितळू शकतं. वेळ वाचवण्यासाठी ही नाण्याची तपासणी कधीही वगळू नका.

८. एक महिना उघड्या रुळांवर

सगळ्यात जास्त लोक हाच टप्पा गाळतात. खडी नाही, झाडं नाहीत, फक्त रूळ. एक महिना चालवा.

आधी डब्यांची वजनं. हलका डबा वळणावर आत पडतो. एचओ साठी ठोकताळा: २८ ग्रॅम, अधिक दर सेंटिमीटर लांबीला ५.६ ग्रॅम. १४ सेंमीच्या वाघिणीचं वजन १०६ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. कमी असेल तर आत, जमेल तितकं खाली, वजन चिकटवा. चाकांची आतली अंतरं गेजने तपासा. कपलर सगळे एका उंचीला आणा. ही उंची चुकली की गाडी चढावर सुटते.

मग पूर्ण गाडी प्रत्येक मार्गाने हळू पुढे न्या, नंतर मागे ढकला. ढकलताना जी गाडी घसरत नाही ती कधीच घसरत नाही. दरवेळी घसरली की वहीत तीन गोष्टी लिहा: कुठे, कोणता डबा, कोणत्या दिशेने. दोन आठवड्यांत वही बोलायला लागते. एकाच जागी वेगवेगळे डबे घसरत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा वेगवेगळ्या जागी घसरत असेल तर दोष डब्याचा. वही न ठेवता रूळ उचकटणारे लोक चांगले रूळ बिघडवतात.

रूळ साफ करायला कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. सँडपेपर नको: त्याचे ओरखडे मळ धरून ठेवतात.

९. देखावा, पण हात आखडता

डोंगर आणि झाडांवर लिहिलेलं भरपूर सापडेल. मी फक्त रुळांना धोका आहे तिथलं सांगतो.

रुळांवर चिकटपट्टी लावून मगच प्लास्टर करा, आणि इंजिनं खोलीबाहेर ठेवा. प्लास्टरची धूळ मोटरमध्ये जाते. बोगद्यात हात घालायला मागून किंवा खालून दार ठेवा. खडी कोरडी पसरा, ब्रशने स्लीपरच्या वरून खाली आणा, अल्कोहोल मिसळलेलं पाणी फवारून भिजवा आणि मग पांढरा गोंद पाण्यात निम्मा-निम्मा करून ड्रॉपरने थेंब-थेंब सोडा. पॉइंटजवळ खडी कमी आणि गोंद त्याहून कमी. हलणाऱ्या पट्टीला आधी प्लास्टिकला चालेल अशा तेलाचा थेंब लावून ठेवा, म्हणजे गोंद धरणार नाही. गोंद ओला असतानाच दर तासाला पॉइंट हलवत राहा.

रुळांच्या बाजूंना गंजाचा तपकिरी रंग द्या आणि वरचा भाग लगेच पुसा. चकचकीत रूळ हा खेळण्याचा सगळ्यात मोठा पुरावा असतो, आणि तो अर्ध्या दिवसात जातो.

१०. चालवणं

पहिला नियम वेगाचा. लेआउटवर एक मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि गाडीला किती सेकंद लागतात ते मोजा. प्रमाणाचा आकडा गुणिले ३.६ भागिले खऱ्या गाडीचा ताशी वेग, हे सेकंद. एचओ मध्ये ताशी ४० किमीने धावणाऱ्या मालगाडीला मीटरभर अंतर जायला जवळजवळ ८ सेकंद लागायला हवेत. ताशी १५ किमीच्या शंटिंगला २१ सेकंद. पहिल्यांदा मोजलं की सगळ्यांनाच धक्का बसतो, कारण आपण बहुतेक वेळा तिप्पट वेगाने चालवत असतो. वेग उतरवला की तोच लेआउट दुप्पट मोठा वाटतो.

सुरुवातीच्या सत्रांसाठी एक सराव सांगतो, त्याला इंगलनुक म्हणतात. तीन साइडिंग: एकीत पाच वाघिणी मावतात, इतर दोन्हींत तीन-तीन. शंटिंग नेकमध्ये इंजिन आणि तीन वाघिणी. एकूण आठ वाघिणी. आठ चिठ्ठ्यांतून पाच उचला, आणि त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांब साइडिंगमध्ये जुळवा. असे क्रम ६,७२० होतात, म्हणजे खेळ कधी संपत नाही. हे जमायला लागलं की यार्डात काय करायचं ते हाताला कळतं.

मग वाघिणींना काम द्या. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड करा, त्याला खिसा चिकटवा, खिशात बिल्टी, म्हणजे वाघीण कुठे जायची त्याची चिठ्ठी, ठेवा. बिल्टीला चार बाजू: १, रिकामी कारखान्याकडे, २, भरलेली स्टेजिंगकडे, ३, भरलेली गोदामाकडे, ४, रिकामी परत. एक सत्र झालं, वाघीण पोचली, की बिल्टी फिरवा. आता गाडी कुठे जायची हे तुम्ही ठरवत नाही, कार्डं ठरवतात, आणि तिथे खरी रेल्वे सुरू होते.

*सावधान:* साइडिंगच्या क्षमतेच्या साठ-सत्तर टक्क्यांहून जास्त वाघिणी लेआउटवर ठेवू नका. आवडत्या वाघिणी सगळ्या मांडायचा मोह होतो. मग एक वाघीण काढायला चार हलवाव्या लागतात आणि सगळं ठप्प होतं.

वेळापत्रक सुरुवातीला घड्याळाशिवाय करा, फक्त क्रमाने: पहिली सकाळची प्रवासी, मग स्टेजिंगमधली मालगाडी क्रॉसिंग स्टेशनात थांबेल, प्रवासी गेल्यावर ती पुढे निघेल, मग कारखान्याचं शंटिंग. सगळे जण क्रमात रुळले की वेगवान घड्याळ आणा. चारपट, म्हणजे लेआउटवरचा तास आपल्या पंधरा मिनिटांत. चारपटीहून वेगवान घड्याळ शंटिंग करणाऱ्याचा जीव घेतं, कारण वाघिणी जोडायला लागणारा वेळ काही चारपट कमी होत नाही.

एका गाडीवर शक्य तेव्हा दोघं ठेवा: एक चालक, एक गार्ड. गार्डाच्या हातात कार्डं, चालकाच्या हातात नियंत्रक, आणि गार्डाने सांगितल्याशिवाय गाडी हलत नाही. जोडल्यावर क्षणभर थांबा, जणू कोणी ब्रेकचा पाइप लावतोय. स्टेशनात गाडी आली की लगेच सोडू नका. हे थांबे नसले की माणसं नकळत शर्यत लावतात.

सत्रात एखादी वाघीण घसरली किंवा सुटली तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. तिच्यावर कपड्याचा चिमटा लावा, वहीत एक ओळ लिहा आणि पुढे चला. सत्र संपल्यावर चिमटे लावलेल्या वाघिणी एका वेगळ्या साइडिंगवर जमा करा. आमच्याकडे तिला दवाखाना म्हणतात, आणि पुढच्या सत्राआधी तो रिकामा झाला नसेल तर गाड्या सुटत नाहीत.